चालून दाखव

"आधी लादी पूस," बाई म्हणाल्या. "डाग धरतात."

रक्त माझंच होतं. पोटरीतून येत होतं. सोफ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत पांढऱ्या लादीवर थेंब सांडले होते. त्यांचा कुत्रा, ब्रूनो, सोफ्याखाली शिरून बसला होता आणि बाई वाकून त्याला म्हणत होत्या, "घाबरलास का रे? काही नाही, काही नाही."

मी लादी पुसली. फडकं हातात होतंच. एका हातानं पोटरी दाबून धरली, दुसऱ्या हातानं माझं रक्त पुसलं. बादलीत फडकं पिळलं. पाणी गुलाबी झालं. ते मोरीत ओतलं आणि साध्या पाण्यानं पुन्हा एकदा पुसून घेतलं, कारण बाई बघत उभ्या होत्या.

"तो जेवताना त्याच्या भांड्याला कशाला हात लावलास?"

हात लावला नव्हता. फडक्यानं भांडं जरा सरकवलं होतं. त्याखालची लादी राहिली असती तर बोलणी मलाच बसली असती.

ब्रूनोचं भांडं धुतल्यावर स्वयंपाकघरात जायचं, घरातल्या भांड्यांच्या मांडणीवर. माझा कप गॅलरीत, कुंडीमागे. त्याचा कान तुटलेला होता.

मी तेव्हा विशीची. घाटकोपरला, पश्चिमेच्या डोंगरावर, दादा-वहिनीच्या खोलीत राहायचे. बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. ते आईला घेऊन कोकणात गावी गेले. मी इथेच राहिले, कारण मी कमावती होते. डोंगराखाली, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे सोसायट्या होत्या. तिथे लादी-भांडी करायचे. बाईंचं घर त्यातलं सगळ्यात मोठं. बाई शाळेत शिकवायच्या. साहेब कुठल्याशा कंपनीत वरच्या जागेवर होते. हॉलमध्ये काचेचं कपाट, त्यात पुस्तकंच पुस्तकं. मी ती काच रोज पुसायचे.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का गं?" येतो म्हटलं. मग आडनाव विचारलं. सांगितलं. बाई जरा थांबल्या. "तू लादी-भांडीच कर," म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे स्वयंपाकाला दुसरी बाई लागली. मला राग आला नव्हता. राग यायला आधी वाटावं लागतं, की आपल्याला काही वेगळं मिळायला हवं होतं. मला तसं वाटतच नव्हतं.

संध्याकाळी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जखम साबणानं खसखसून धुवायला लावली. विचारलं, "रस्त्यावरचा की पाळलेला?"

"पाळलेला."

"मग सोपं आहे. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची. ठणठणीत राहिला तर तो पिसाळलेला नाही. मग पोटातली इंजेक्शनं घ्यायची गरजच नाही. मालकांना सांग, त्याला बांधून ठेवा. आणि मला येऊन कळवत जा."

मी खूश होऊन घरी आले. पोटातल्या इंजेक्शनांची आमच्या डोंगरावर सगळ्यांना भीती होती.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले तर ब्रूनो नव्हता. त्याची साखळी नव्हती. भांडंही नव्हतं.

"बाई, डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला दहा दिवस..."

"तो नाही इथे. पाठवला त्याला."

"कुठे?"

"लांब. तुला काय करायचंय?"

साहेब पेपर वाचत होते. पेपरामागून इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यातलं 'म्युनिसिपालिटी' एवढंच मला समजलं. बाई म्हणाल्या, "अगं, घरातला कुत्रा आहे तो. त्याला काही झालेलं नाही. हळद लाव."

मी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सांगितलं, कुत्रा दाखवत नाहीत, कुठे आहे ते सांगत नाहीत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मी रिस्क घेऊ शकत नाही. एकदा तो रोग झाला की औषध नाही. माणूस मरतोच. चौदा घ्यावी लागतील. पोटात."

डॉक्टर बरोबर होते. हे मी आजही म्हणते.

रोज सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसायचं, साडी खाली सरकवायची, पोटावर इंजेक्शन घ्यायचं. जिथे टोचलं तिथे लिंबाएवढी गाठ यायची. मग कामाला. वाकून लादी पुसताना त्या गाठी एकमेकींवर दाबल्या जायच्या. बाईंना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

इंजेक्शनं संपत आली तेव्हा अंगात ताप आला. पाठ दुखायला लागली. कुणी कमरेला पट्टा आवळतंय असं वाटायचं. एका सकाळी चूळ भरायला बाहेर आले आणि जमीन कळेना. पायाखाली कापूस असल्यासारखं. मी खाली बघितलं. पाऊल होतं, चप्पल होती, फरशी होती. पण त्यांचा माझ्याशी संबंध नव्हता. नळावर हंडा भरला, कमरेवर घेतला, वळले आणि पडले. हंडा पायांवर पडला. लागलं नाही. तेव्हा मी घाबरले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय गेले. लघवी बंद झाली. दादानं आणि शेजारच्या माणसांनी चादरीच्या झोळीत घालून मला डोंगराखाली उतरवलं.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पलंग नव्हता. दोन पलंगांच्या मधे खाली गादी मिळाली. पाठीतून पाणी काढलं. नळी घातली. वर पंखा फिरायचा तो मला दिसायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. लोक किती सहज चालतात, ते मी त्या गादीवरून पहिल्यांदा बघितलं. कुणी पायाकडे लक्षसुद्धा देत नाही.

सकाळी मोठे सर यायचे. मागे पोरंपोरी, पांढरे कोट. सर किल्लीनं माझा तळवा खरवडायचे. "कळतंय?" नाही म्हणायचे. ते इंग्रजीत बोलायचे, पोरं लिहून घ्यायची. मग माझी चादर तशीच वर राहायची. ते पुढच्या पेशंटकडे जायचे. माझे हात चालू होते म्हणून बरं. मी चादर ओढून घ्यायचे.

एक दिवस त्यांच्यातला एक मराठी डॉक्टर मागे राहिला. माझ्याएवढाच असेल. मी म्हटलं, "मला काय झालंय, ते मला कुणी सांगतच नाही."

तो उकिडवा बसला. म्हणाला, "ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवतात. कुणाकुणाला ती बाधते. मग शरीर आपल्याच मज्जारज्जूवर उलटतं. तुझं तसं झालंय."

"परत चालेन?"

"बरेच जण चालतात. वेळ लागेल." मग त्यानं विचारलं, "कुत्रा मेला होता का?"

"माहीत नाही. दाखवला नाही."

"पाळलेला होता ना? मग नुसती नजर ठेवली असती तरी..." तो थांबला. उठला. "बघू," म्हणाला, आणि गेला.

त्यानं अर्धं सोडलेलं वाक्य मी पूर्ण केलं. मला वेळच वेळ होता.

भेटायची वेळ संध्याकाळची. घंटा झाली की वॉर्ड भरायचा. डबे उघडायचे, वास सुटायचे. दादा रविवारी यायचा. वहिनी एकदा आली. आई गावाहून आली, आठवडाभर माझ्या गादीशेजारी जमिनीवर झोपली, माझ्या पायांना तेल चोळलं. "चेडवा, ह्या काय झाला गो तुझा?" एवढंच पुन्हापुन्हा. मग लावणीचे दिवस आले आणि तिला जावं लागलं. त्यानंतर घंटा झाली की मी तोंडावर चादर घ्यायचे. नाहीतर शेजारच्या पेशंटचे नातेवाईक कीव येऊन हातात केळं ठेवायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला ते केळं गिळवायचं नाही.

अंगठा हलला तेव्हा माझ्या बाजूला कुणी नव्हतं. उजव्या पायाचा अंगठा. मी सांगितलं आणि तो हलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला. आयाबाई फरशी पुसत जात होती. तिला म्हटलं, "बघा." तिनं बघितलं. "चांगलं आहे," म्हणाली आणि पुसत पुढे गेली. तिचं काम मला माहीत होतं. थांबून चालत नाही.

मग व्यायामाच्या खोलीत न्यायला लागले. तिथे दोन लोखंडी दांड्या होत्या, समांतर, कमरेइतक्या उंच. गुडघ्यांना मागून पट्ट्या बांधायचे. मॅडम म्हणायच्या, "पायांकडे बघू नकोस. समोर बघ." समोर मोठा आरसा होता. पण पायांकडे बघितलं नाही तर पाय कुठे आहेत ते मला कळत नव्हतं. डोळे मिटले की मी पडायचे. पाय जमिनीवर आहे की हवेत, पुढे आहे की मागे, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागायचं. बाकीच्यांना आतून कळतं. मला आतून कळायचं बंद झालं होतं. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो, तसंच असतं. करत राहा." त्यांच्याकडे रांग होती. लकवा झालेले म्हातारे, डोक्याला मार लागलेले कामगार, ताप मेंदूत गेलेली लहान मुलं. एक चिमुरडी रोज दांड्यांमध्ये उभी राहायची आणि आईला हाक मारायची. आई पुढे हात पसरून बसलेली असायची. पोर चालायची ती आईकडे. मी आरशाकडे चालायचे. आरशात एक बारकी बाई माझ्याकडे येत असायची. तिच्याशी माझी ओळख नव्हती.

लोखंडी चौकट धरून जरा चालता यायला लागलं तसं त्यांनी मला घरी सोडलं. गादी दुसऱ्या कुणाला हवी होती. दादानं मला पाठीवर घेतलं आणि डोंगर चढला. पायऱ्या दगडांच्या, मधेच गटार, मधेच नुसती माती. दारादारांतून लोक बघत होते. दादाचा श्वास मला ऐकू येत होता. त्यानं मला खोलीत उतरवलं आणि म्हणाला, "आता इथेच बस." तो रागानं बोलला नव्हता. तो दमला होता. पण मी ते वाक्य विसरले नाही.

सकाळी दादा कुर्ल्याला वर्कशॉपमध्ये जायचा. वहिनी कामाला. माझी कामं तिनंच धरली होती. बाईंचं घरसुद्धा. मला वाईट वाटलं नाही. खोली चालायला हवी होती. मग दिवसभर मी, चार पत्र्याच्या भिंती आणि वरून जाणारी विमानं. आमच्या डोंगरावरून विमानं इतकी खालून जायची की पत्रे थरथरायचे. मी चौकट धरून दारापर्यंत जायचे. दारापासून चुलीपर्यंत. मग पुन्हा. पाय आता ढिले नव्हते, उलट लाकडासारखे कडक व्हायचे. बसल्या जागी उडायचे. डावं पाऊल उचलायचंच नाही, घासत यायचं. चप्पल निघून पडली तरी कळायचं नाही. गल्लीत थोडं पुढे जाऊन मागे बघायचे तर चप्पल पाठीमागे पडलेली.

सगळ्यात वाईट काय होतं ते सांगते. संडास खाली होता, सार्वजनिक. मला जाता येत नव्हतं. डब्यात करावं लागायचं आणि वहिनी तो घेऊन जायची. कामावरून आल्यावर. तिनं कधी तोंडानं काही म्हटलं नाही. पण डबा उचलताना ती श्वास रोखायची. ते मला दिसायचं. मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. जेवण अर्ध्यावर सोडायचे.

माझ्या चालण्याचं कारण तेवढंच होतं. लोक म्हणतात जिद्द. जिद्द वगैरे नाही. मला संडासापर्यंत जायचं होतं.

त्यासाठी पायऱ्या शिकले. बसून. एक पायरी उतरायची, पाय हातानं उचलून खाली ठेवायचे, मग दुसरी. पोरं जमायची. एक जण माझ्यासारखा पाय ओढत चालून दाखवायचा, बाकीची हसायची. मग ती कंटाळली. मग काठीनं उभी उतरायला लागले. एका बाजूला भिंत, एका हातात काठी, नजर पावलांवर. नजर हलली की पडायचे. अंधार पडायच्या आत वर पोचावं लागायचं, कारण अंधारात माझे पाय हरवायचे. संध्याकाळी सगळी गल्ली शेजारच्या घरी टीव्ही बघायला जमायची. मी दारात बसून आवाज ऐकायचे. चल म्हणून कुणी म्हणायचं नाही. मला न्यायचं आणि आणायचं कुणी?

ज्या दिवशी एकटी संडासापर्यंत पोचले, तेव्हा रांगेतल्या बायकांनी मला पुढे सोडलं. मी आत गेले, दार लावलं, कडी घातली. कित्येक महिन्यांनी माझ्या आणि जगाच्या मधे एक कडी होती. मी आत बराच वेळ उभी राहिले. बाहेरून कुणी दार वाजवलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनी कामावरून आली आणि माझ्यासमोर बसून तांदूळ निवडायला लागली. तिच्या साडीला पिवळट केस चिकटले होते. आखूड, कडक. मला ते केस माहीत होते. मी ते कित्येक महिने सोफ्यावरून झाडले होते.

"ब्रूनो परत आला?"

वहिनी निवडत राहिली. "कधीचाच."

"कधी?"

"तू हॉस्पिटलात गेलीस, त्या आठवड्यातच आणला."

"कुठे होता?"

"मुलुंडला. बाईंच्या भावाकडे."

"बरा होता?"

"त्याला काय धाड भरलीय?"

मुलुंड. लांब म्हणाल्या होत्या बाई. मला वाटलं होतं पुणं, नाशिक, कुणाचं तरी गाव. मुलुंड म्हणजे इथून थोडीच स्टेशनं. मी जाऊन बघून आले असते. फाटकाबाहेरून बघितला असता, भुंकतोय, खातोय, आणि डॉक्टरांना येऊन सांगितलं असतं.

"मला सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"सांगून तुझे पाय परत येणार होते?" वहिनीनं सूप आपटलं. "मला तिथे काम करायचंय. तू खातेस ते कुठून येतं?"

ती खोटं बोलत नव्हती. त्या रात्री आम्ही तिघं एका खोलीत जेवलो आणि मी पूर्ण एकटी होते.

मग एक दिवस वहिनी म्हणाली, "बाईंनी बोलावलंय तुला. रविवारी सकाळी. बरी साडी नेस."

"कशाला?"

"बघायचंय म्हणाल्या. किती सुधारलीस ते."

मी हसले नाही, पण आत काहीतरी हललं. मला वाटलं, बाई काहीतरी बोलतील. चुकलं, असं नाही म्हणणार. पण बस म्हणतील, पाणी देतील. कसे आहेत पाय, विचारतील. इतकी वाट मी तोपर्यंत कुणाच्या शब्दाची बघितली नव्हती.

रविवारी वहिनी पुढे गेली. मी एकटी उतरले. डोंगर पूर्ण उतरायची ती पहिलीच वेळ. खाली रस्ता ओलांडताना बस येत होती, ती थांबेल की नाही याचा अंदाज येईना. एका हातगाडीवाल्यानं हात दाखवून ती थांबवली. सोसायटीत लिफ्ट नव्हती. कठडा धरून दुसऱ्या मजल्यावर गेले. ब्लाउज घामानं चिंब. दाराबाहेर भिंतीला टेकून श्वास घेतला, पदरानं तोंड पुसलं. मग बेल वाजवली.

दार बाईंनीच उघडलं. "आली बघा," त्या आत वळून म्हणाल्या. मला नाही.

हॉलमध्ये माणसं बसली होती. सोसायटीचे सेक्रेटरी, कमिटीचे दोघंतिघं, तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई. समोर चहा, चिवडा. ब्रूनो गॅलरीत बांधलेला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी.

"बघा," बाई म्हणाल्या. "कुणी धरल्याशिवाय आली. दोन मजले चढून. आणि लोक म्हणतात, आमच्या कुत्र्यानं हिला अधू केलं."

मग त्यांच्या आपसातल्या बोलण्यावरून मला समजलं. ब्रूनो पुन्हा कुणाला तरी चावला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या सासऱ्यांना. सोसायटीला तो बिल्डिंगमध्ये नको होता. कुणीतरी माझं उदाहरण दिलं होतं. म्हणून मला बोलावलं होतं.

"चाल गं जरा," बाई म्हणाल्या. "खिडकीपर्यंत जा आणि परत ये. चालून दाखव यांना."

कुणी माझ्या तोंडाकडे बघेना, आणि सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

मी काठी धरून उभी होते. तो अंगठा हलला होता, तेव्हा यांच्यातलं कुणी नव्हतं. मी पायऱ्या बसून उतरले, चप्पल मागे सोडून पुढे गेले, पाणी न पिता दिवस काढले. त्या सगळ्यातून जे थोडंसं चालणं माझ्या हातात आलं होतं, ते आता त्यांना हवं होतं. आपण काही केलं नाही हे दाखवायला. त्या घरात माझी प्रत्येक गोष्ट वापरून झाली होती. आता माझं बरं होणंसुद्धा.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, लाजतेस काय? एवढंच तर..."

"लाजत नाही. मी चालणार नाही."

आणि मी सोफ्यावर बसले. त्या सोफ्यावर मी कधी बसले नव्हते. सेक्रेटरी जरा सरकले. वहिनीनं ट्रे खाली ठेवला.

बाईंचा आवाज बदलला. "आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं गं? साड्या पाठवल्या. संत्री पाठवली. तुझ्या वहिनीला कामावर ठेवलं."

"ते दहा दिवस ब्रूनो कुठे होता?"

"काय?"

"डॉक्टरांनी कुत्रा दाखवा म्हटलं होतं. तुम्ही लांब पाठवला म्हणालात. तो मुलुंडला होता. ठणठणीत होता. तेवढं सांगितलं असतंत तर मला एकसुद्धा इंजेक्शन लागलं नसतं."

साहेब पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. "हे बघ, तुला जे झालं ते इंजेक्शनमुळे. कुत्र्यामुळे नाही. डॉक्टरांना विचार."

"विचारलंय."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई चमच्यानं चिवडा ढवळत म्हणाल्या, "लायसन्स नव्हतं ना त्याचं तेव्हा? बिल्ला तर मागच्या महिन्यात आणलात."

साहेबांनी पेपर उचलला.

म्हणजे तेवढंच. कुत्र्याच्या गळ्यातला पत्र्याचा बिल्ला. म्युनिसिपालिटीचा माणूस दारात येऊ नये, बिल्डिंगमध्ये शोभा होऊ नये, म्हणून. कुणी माझ्यावर दात धरला नव्हता. माझं वाईट व्हावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. माझा विचारच कुणी केला नव्हता.

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. एवढी शिकलेली माणसं. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "हा काही आपल्या मीटिंगचा विषय नाही," ते म्हणाले. "आपण मूळ मुद्द्यावर येऊ. कुत्रा ठेवायचा की नाही."

कुणी हूं केलं. कुणी चहा उचलला.

मी उठले. मला तिथून जायचं होतं, आणि जायचं म्हणजे चालावंच लागणार होतं, सगळ्यांसमोर. चालले. वाईट चालले. डावा पाय लादीवर घासत गेला, त्याचा आवाज झाला. गुडघा अडकला, मी काचेच्या कपाटाला हात लावून थांबले, पुन्हा निघाले. नजर पावलांवर. बघू देत. ते चालणं दाखवायचं नव्हतं, निघायचं होतं. दारात चप्पल पायात घालायला वेळ लागला. पाय आत गेला की नाही ते वाकून बघावं लागलं. कुणी मदत केली नाही, आणि मी कुणाकडे बघितलं नाही.

वहिनीचं काम त्याच दिवशी गेलं. ती घरी आली आणि माझ्याशी बोलली नाही. पुढे कितीतरी महिने बोलली नाही. दादा म्हणाला, "तुला काय गरज होती? गप चालली असतीस चार पावलं." मग म्हणाला, "तू गावी जा. आई बघेल."

"मी गावी जाणार नाही," मी म्हटलं.

डोंगराच्या पायथ्याशी शिवणाचा कारखाना होता. तिथे बसून धागे कापायचं काम धरलं. कात्री चालवायला पाय लागत नाहीत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तोंडाळ आहे, म्हणून लग्न झालं नाही. पायांमुळे नाही म्हणायच्या, तोंडामुळे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

आता ती लस नाही म्हणतात. आता दंडात देतात, त्यानं असं होत नाही. घ्यावीच. चावल्यावर धावत जाऊन घ्यावी, मी सगळ्यांना सांगते. लसीवर माझा राग नव्हता, आजही नाही.

माझा राग कुठे आहे ते मला माहीत आहे. आमच्या डोंगरावरच्या कुणाला साहेबलोकांचा कुत्रा चावला की मी जाते. पहिल्यांदा गेले ती बाई मला नको म्हणत होती. काम जाईल म्हणाली. मी म्हटलं, तू खाली थांब, मी एकटी जाते. आजही बहुतेक वेळा एकटीच जाते. ज्यांच्यासाठी जाते ते खाली कोपऱ्यावर थांबतात, कधी तेही नसतात. मी जिने चढते. बेल वाजवते. कुत्रा दाखवा म्हणते.

उभं राहणं मला चालण्यापेक्षा जड जातं. पाय कडक होतात, थरथरतात, काठी हलायला लागते. बसा म्हणतात. मी बसत नाही. उद्या या म्हणतात. मी जात नाही. तुमचा काय संबंध, विचारतात. वॉचमनला बोलावतात. तो येतो, माझ्या पायांकडे बघतो, त्यालाही काय करावं सुचत नाही.

माझ्या पायांकडे खुशाल बघा. कुत्रा दाखवल्याशिवाय मी या दारातून हलणार नाही.